दारफळणीचा दिवस

“मग देवाने त्यांना टाकलं असं म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं, बाबा?”

सुमंत ओहोळाने हे विचारलं तेव्हा त्याच्या हातात प्रवचनाची अकरा पानं होती. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं : ‘देवाची निवड’.

समोर आरामखुर्चीत सत्यवान रणभिसे बसले होते. अलिबागेपासून दोन कोसांवरच्या त्या खेड्याचे हे पाळक. सगळं गाव त्यांना पाद्रीबाबा म्हणे. ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

बाबांच्या हाताखाली काम शिकणाऱ्या सुमंताचा येत्या रविवारी दीक्षाविधी होता. बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवणार आणि सुमंत पाळक होणार. पत्रिका छापून झाल्या होत्या. नगरहून त्याची आई निघाली होती.

बाबांनी मात्र अजून हो म्हटलं नव्हतं.

ही हकिकत मी सुमंतरावांच्याच तोंडून ऐकली. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते आणि स्वतःची फजिती सांगताना त्यांना भारी आनंद व्हायचा. म्हणून मीही हात राखून सांगत नाही. तरुणपणी हा माणूस धर्मशास्त्राच्या परीक्षेत पहिला आला होता आणि ते विसरायची त्याची मुळीच तयारी नव्हती. एक प्रश्न विचारला की तीन उत्तरं तयार असायची.

“पुन्हा सांग,” बाबा म्हणाले. “थोडक्यात.”

“देवाने पूर्वी इस्राएल लोकांना निवडलं. त्यांना गर्व झाला. मग देवाने त्यांना बाजूला केलं आणि आपल्याला निवडलं.”

“कोणाला?”

“आपल्याला.”

“म्हणजे तुला?”

“म्हणजे… मंडळीला. ख्रिस्ती लोकांना.”

“हं.”

अडकित्ता वाजला.

“निवडलं ते कशासाठी?”

सुमंताने तीन उत्तरं दिली. आशीर्वादासाठी, साक्षीसाठी, देवाच्या गौरवासाठी. प्रत्येकाला शास्त्रातला आधार होता.

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि काठी उचलली.

“चल,” ते म्हणाले.

“कुठे?”

“हसाजीकडे.”

सुमंताचा चेहरा उतरला. त्याला कारण होतं.

हसाजी झिराडकर हा गावचा तेली. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. ही माणसं किती शतकांपूर्वी या किनाऱ्याला लागली ते कोणालाच नीट सांगता येत नाही. बोलतात मराठी, नेसतात आपल्यासारखं. फक्त शनिवारी घाणा बंद ठेवतात, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणतं. शनिवारी हसाजीचा बैलही दावणीला निवांत रवंथ करत उभा असे. त्या दिवशी त्याच्याकडूनही काम घ्यायचं नाही असा त्यांचा नेम.

दोन आठवड्यांपूर्वी एका शनिवारी चर्चमधलं दिव्याचं तेल संपलं. सुमंत स्वतः हसाजीकडे गेला. हसाजी अंगणात उभा होता. त्याने हात जोडले.

“आज शनिवार, साहेब. आज देता यायचं नाय. उद्या उजाडायच्या आत मी स्वतः आणून देतो.”

समोर पारावर पाच-सात माणसं बसली होती. त्यांच्यादेखत नाही ऐकावं लागलं, हे सुमंताला झोंबलं.

“देवाने टाकून दिलं तरी तोरा काही जात नाही,” तो मोठ्याने म्हणाला.

पारावरची माणसं हसली. हसाजीने मान खाली घातली.

रविवारी सुमंत उठला तेव्हा तेलाचा डबा चर्चच्या पायरीवर होता. त्याने तो आत नेला आणि विषय संपला असं समजला.

पण विषय संपला नव्हता. या भेटीच्या आदल्या दिवशी दुपारी उशिरा हसाजी मिशनच्या बंगल्यावर सुमंताला भेटायला आला. अंगावर पांढरी धुवट बंडी आणि पांढरं धोतर. पायांत काही नव्हतं. निरोप आत गेला. सुमंत प्रवचनाचं नववं पान लिहीत होता. “थांबायला सांगा,” तो म्हणाला.

हसाजी व्हरांड्यात उभा राहिला. दिवस कलायला लागला तशी त्याची चुळबुळ वाढली. शेवटी तो न भेटताच निघून गेला.

सुमंताने खिडकीतून पाहिलं होतं. माफी मागायला आला असेल, त्याच्या मनात आलं. बरं झालं, थोडा उतरू दे ताठा.

बाबांना हे सगळं ठाऊक होतं. कोणी सांगितलं, देव जाणे.

दोघं निघाले तेव्हा दुपार होती. आश्विन लागला होता. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चिखल सुकत आलेला. बाबा काठी टेकत पुढे, सुमंत मागे. प्रवचन त्याच्या खिशातच होतं.

हसाजीच्या घराचं दार बंद होतं. खिडक्याही बंद. घाणा थांबलेला, आणि बैल गोठ्यात शांत उभा.

“आज तर बुधवार,” सुमंत म्हणाला.

बाबा ओट्यावर बसले.

सुमंताने मुठीने दार ठोकलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जरा जोरातच.

कोणी उघडलं नाही.

“माणसं आत आहेत, बाबा. मला चाहूल लागते आहे.”

“आहेत.”

“मग उघडत का नाहीत?”

“आज त्यांचा दारफळणीचा सण. वर्षातून एक दिवस ही माणसं दारं लावून घेतात. काल दिवस बुडाल्यापासून आज चांदण्या दिसेपर्यंत. अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या कोणाशी बोलणं नाही.”

“म्हणजे आपला विटाळ!” सुमंत म्हणाला. “मी हेच लिहिलंय. स्वतःला वेगळं समजायचं, दार लावून बसायचं. हाच तो गर्व.”

“बस.”

“कशाला? चांदण्या दिसायला अजून…”

“बस, सुमंत. आपल्या प्रभूची आई यहुदीच. तिचं माहेर आहे हे. इथे असं ताठ उभं राहू नये.”

सुमंत बसला. आईच्या माहेराचं त्याच्या अकरा पानांत कुठेच आलं नव्हतं.

बराच वेळ गेला. ऊन ओट्याच्या कडेवर सरकलं. सुमंताला तहान लागली. शेजारी विहीर होती, रहाटाला पोहरा बांधलेला होता. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांचे ओठ कोरडे पडले होते, पण ते जागचे हलले नाहीत. मग त्यालाही उठायची लाज वाटली.

इतक्यात आतून आवाज आला.

धप्…

थोडं थांबून पुन्हा. धप्…

सुमंताने कान टवकारले.

“ऐकलंत?” तो हलकेच म्हणाला, पण आवाजात विजय होता. “कांडण चाललंय! बाहेर दाखवायला उपास, आणि आत मुसळ चालू. शनिवारी मला तेल द्यायला मात्र हात बांधलेले.”

बाबांनी डोळे मिटले.

“नीट ऐक.”

सुमंत दाराजवळ सरकला. प्रत्येक धप्च्या आधी एक आवाज येत होता. म्हातारा, उपासाने खोल गेलेला. आधी त्यांच्या इब्री भाषेतलं काहीतरी, मग तेच घरातल्यांना समजावं म्हणून मराठीत.

“आम्ही ताठ मानेनं चाललो…”

धप्…

“आम्ही चारचौघांत माणसाला हिणवलं…”

धप्…

सुमंताच्या अंगावर काटा आला.

“दारी आलेल्याला आम्ही ताटकळत ठेवलं…”

धप्…

“आम्ही तुझं नाव घेतलं, आणि मोठेपणा आमचाच सांगितला…”

धप्…

सुमंत दारापासून मागे झाला. कानशिलं तापली होती.

“बाबा, हे मला बोलताहेत. आपण बाहेर आहोत हे त्यांना कळलंय. दार लावून टोमणे मारताहेत मला!”

बाबांनी डोळे उघडले.

“दाराला फट आहे,” ते म्हणाले. “बघ.”

सुमंताने फटीला डोळा लावला.

आत अंधारच होता. एक दिवा तेवढा जळत होता. घरातली सगळी माणसं उभी होती, बायकासुद्धा. सगळी पांढऱ्या कपड्यांत, सगळी अनवाणी. दाराकडे कोणाचंच तोंड नव्हतं. पुढे हसाजी होता. तो एक वाक्य म्हणायचा आणि आपली मूठ आपल्याच छातीवर मारायचा. त्याच्यामागे सगळ्यांच्या मुठी. तोच तो आवाज.

सुमंत खाली बसला.

“टोमणा मारणारा माणूस,” बाबा हळूच म्हणाले, “छाती कोणाची बडवतो?”

सुमंताला उत्तर सुचलं नाही. एकसुद्धा.

आत हसाजी पुढे म्हणतच होता. खोटं बोललो. चोरी केली. दुबळ्याला लुबाडलं. हात उगारला. सुमंत ऐकत होता आणि ज्याच्या तोंडून हे ऐकत होता त्या माणसाला आठवत होता. ज्याचं माप कधी चिमूटभर कमी भरलं नाही. ज्याने बैलाला कधी पराणी टोचली नाही.

“बाबा… हसाजींनी यातलं काय केलंय?”

“तुला काय वाटतं?”

“काहीच नाही.”

“हं.”

“मग कोणासाठी म्हणताहेत?”

बाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

सुमंतराव मला म्हणाले होते, “त्या वेळी मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलो. देवाला घाबरलो. तोवर देव माझ्या खिशात होता, अकरा पानांत. त्या दाराआड एक म्हातारा उपाशीपोटी माझी पापं एकेक करून देवापुढे ठेवत होता आणि मार स्वतःच्या छातीवर घेत होता, आणि मी त्याच दारावर मूठ आपटून बसलो होतो.”

दिवस बुडाला. पोफळींच्या शेंड्यांवर आभाळ निळं-करडं झालं. बाबा वर पाहत होते. एक चांदणी दिसली. मग दुसरी. तिसरीला जरा वेळ लागला.

आतून अडसर काढल्याचा आवाज आला आणि दार उघडलं.

हसाजी उंबऱ्यात उभा होता. चौकटीचा आधार घेऊन. ओठांना भेगा पडल्या होत्या. त्याने बाबांना पाहिलं आणि हसला.

“पाद्रीबाबा, तुमी तर दर सालचे. ओट्यावर बसता आणि दार उघडायच्या आत निघून जाता. आमाला कळत नाय असं वाटतं काय?”

“आज सोबत होती. म्हणून थांबलो.”

तेव्हा हसाजीला सुमंत दिसला. तो एकदम ओशाळला.

“साहेब! कवापासून बसलात तुमी? आणि या उन्हाचे… रहेल, पाणी आण आधी!”

त्याची बायको रहेलबाई आतून तांब्या घेऊन आली. हसाजीने तांब्या घेतला आणि दोन्ही हातांनी सुमंतापुढे धरला.

पाणी काठोकाठ होतं. थोडं हिंदकळून हसाजीच्या बोटांवर सांडलं. त्याने बोटं तोंडाजवळ नेली नाहीत.

“आधी तुम्ही घ्या,” सुमंत म्हणाला.

“पाव्हणा दारात तहानलेला असताना घरच्यानं कसं प्यायचं?”

सुमंताने हसाजीच्या खांद्यावरून आत पाहिलं. घरातली सगळी माणसं तशीच उभी होती. मागे पाण्याचा हंडा होता, पेले मांडलेले होते. कोणीही हात पुढे केला नव्हता. एक दिवस आणि एक रात्र पाण्याचा थेंब न घेतलेली ती माणसं त्याच्या पिण्याची वाट पाहत होती.

तो घाईघाईने प्यायला. उशीर केला तर त्यांनाच उशीर होणार होता. पाणी गोड होतं.

मग बाबा प्यायले. मग घरातले एकेक जण. सगळ्यात शेवटी हसाजी.

सुमंत हे बघत राहिला. हसाजीने तांब्या खाली ठेवल्यावर तो पुढे झाला आणि वाकला.

“हसाजीकाका, मला माफ करा.”

“अरे, हे काय? उठा, उठा. माफी तर मला मागायची होती. त्यासाठीच काल तुमच्याकडं आलो होतो.”

“तुम्हाला? कशाची?”

“त्या शनवारी तुमचा खोळंबा केला ना मी. देवाच्या घरात दिवा लागला नाय. नेम मोडता येत नाय, पण तुमाला लागलं ते लागलंच. आमची रीत अशी, की सण लागायच्या आत सगळ्यांच्या दारी जायचं. माणसानं माफ केलं तर मग देवापुढं उभं राहायचं.”

“आणि मी बाहेरच आलो नाही…”

“मला वाटलं, तुमी प्रार्थनेला बसलाय. दिवस बुडायला आला, म्हणून परत फिरलो.”

सुमंताने चेहरा हातांनी झाकला. हसाजीच्या मनात काही आलं असतं, दोन वाईट शब्द तरी आले असते, तर त्याला सोपं गेलं असतं. पण या माणसाला वाटलं होतं, की तो प्रार्थनेला बसलाय.

“एक विचारू?” काही वेळाने सुमंत म्हणाला.

“विचारा की.”

“आत तुम्ही म्हणत होता… चोरी केली, माणसाला हिणवलं, दारी आलेल्याला ताटकळत ठेवलं. हे तुम्ही कधी केलंत?”

हसाजी गोंधळला. आपल्याला असा प्रश्न कोणी विचारेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

“मी नसेल केलं. कोणीतरी केलं असेल ना.”

“मग त्याची माफी तुम्ही का मागायची?”

“या गावात राहतो ना मी,” हसाजी म्हणाला.

आणि आत वळून त्याने सांगितलं, “रहेल, पाद्रीबाबांना काही खायला दे. हे बसतील, उठून जातील, सांगायचे नाहीत.”

दोघं परत निघाले तेव्हा वाट दिसण्यापुरता उजेड होता. रहेलबाईने दिलेले तांदळाच्या पिठाचे दोन घावन सुमंताच्या हातात पानात बांधलेले होते. ते धरायला हात मोकळा हवा म्हणून त्याने खिशातली पानं काढून बगलेत धरली होती. वाटेत ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा त्याने ती चिखलातून उचलली, पण पुसली नाहीत.

वाडीच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, बाबा दम घ्यायला थांबले.

“रविवारी काय बोलशील?” त्यांनी विचारलं.

सुमंताने खूप विचार केला.

“माहीत नाही, बाबा.”

“काहीच नाही?”

“नाही.”

बाबांनी काठी डाव्या हातात घेतली. उजवा हात सुमंताच्या डोक्यावर ठेवला. तिथेच, वाटेत, ना मंडळी ना गाणं. हात जड होता.

“रविवारी फक्त लोकांना दाखवायला ठेवीन,” ते म्हणाले.

सुमंत रडला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता. मग त्याच्या लक्षात आलं, की आपली उजवी मूठ कधीची छातीवर आहे.

त्याने नाक पुसलं. आभाळ आता चांदण्यांनी भरलं होतं. मागे हसाजीचं दार उघडं होतं आणि तिथला दिवा पोफळींतून दिसत होता.

“देवाने त्यांना टाकलं नाही,” सुमंत म्हणाला.

बाबांनी काठी पुन्हा उजव्या हातात घेतली.

“ते निवडलेलेच आहेत. अजून. मग… आपण कोण, बाबा?”

बाबा चालायला लागले. चार पावलं गेल्यावर थांबले, पण मागे वळले नाहीत.

“आपण?” ते म्हणाले. “त्यांच्या दारात ज्यांना आधी पाणी मिळालं, ते.”